आडावरची तीन मिनिटं

बुडी शिकवणारे इनास सर धक्क्यावर उतरले आणि चहाच्या बाकड्याकडे न बघता सरळ नळावर गेले. मी कप भरून ठेवला होता. समुद्रातून वर आल्यावर सरांच्या पोटात आल्याचा चहा गेला की मगच त्यांच्या तोंडातून शब्द फुटायचा. चार वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. त्या बुधवारी मात्र त्यांनी नळाखाली डोकं धरलं, पंच्याने पुसलं आणि ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, वृंदाच्या कागदावर मला सही करता येणार नाही."

मी बोटीकडे पाहिलं. माझी मुलगी खाली बसून हवेच्या रिकाम्या टाक्या एकेक करून बोटवाल्या बाबलभावजींच्या हातात देत होती. मान वर करत नव्हती.

"काय चुकलं तिचं?"

"घाई करते."

मला हसूच आलं. वृंदा आणि घाई! लहानपणी एक लाडू खायला जिला अख्खी दुपार पुरत नसे, जिची वेणी होईपर्यंत शाळेची घंटा होऊन जायची, ती! "सर, घरात तिला आम्ही गोगलगाय म्हणतो."

"खाली ती गोगलगायच असते. इतकी शांत मुलगी मी पाण्यात बघितली नाही. पण वर यायची वेळ झाली, की तिच्या अंगात कोण येतं देव जाणे." सरांनी बोटं वर करून दाखवली. "पाच मीटरवर दोरी धरून तीन मिनिटं थांबायचं. एवढंच. आडासारख्या खोल जागेवरून येताना हे चुकवून चालत नाही."

"तीन मिनिटांनी असं काय होतं?"

"वहिनी, कुकरची वाफ जिरायच्या आत तुम्ही झाकण काढता का?"

"नाही बाई."

"तसंच अंगाचं असतं. खोल पाण्यात हवा अंगात मुरते. ती हळूहळू बाहेर पडली पाहिजे. नाहीतर सांधे धरतात, हातपाय लुळे पडतात. आणखी वाईटही होतं." त्यांनी मानेनेच बोटीकडे खुणावलं. "आज मी शिकाऊ झालो होतो, ती माझी पुढारी. ही पाच मीटरवर आली, मनगटावरचं घड्याळ बघितलं, वर बघितलं, आणि मला दोरीवर सोडून निघाली. मिनिटभरही थांबली नाही. मी खरंच शिकाऊ असतो तर?"

मी त्यांचा कप पुढे सरकवला.

"उद्या परत एकदा नेतो. उद्याही असंच झालं, तर मोसमापुरता मला गोव्याहून माणूस आणावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी गार झालेला कप उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ते निघून गेले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. लग्न होऊन एसटीने घाट उतरून आले तेव्हा पहिल्यांदा समुद्र बघितला, आणि त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत घोट्याच्या वर तो लागू दिला नाही. आमचे हे वास्कोला टगबोटीवर, पंधरा दिवसांनी घरी यायचे. माझं जग म्हणजे घर, देव आणि धक्क्यावरची ही टपरी.

पण तांबळ्याचं बेट मला न बघता पाठ होतं. धक्क्यापासून बोटीने पाऊण तास. बेटावर वस्ती नाही, करवंदीची चार जाळी आणि पक्ष्यांची घाण. त्याच्याभोवती बुडी मारायच्या तीन जागा होत्या, आणि माझं अक्षर बरं म्हणून टपरीवरचा फळा मीच रंगवला होता. पहिली ओसरी. बेटाच्या पुढच्या अंगाला, खाली वाळू, तीन पुरुष पाणी. ज्याला पोहताही येत नाही त्याला वृंदा हात धरून तिथे मासे दाखवून आणायची. दुसरी गल्ली. दोन खडकांच्या मधून जायचं, ओसरीच्या दुप्पट खोल. तिथे शिकून कार्ड मिळवलेली माणसंच जात. आणि तिसरा आड. बेटाच्या पाठीमागे खडक एकाएकी तुटतो आणि विहिरीसारखा खाली जातो, तीस मीटरपर्यंत. तिथे ओढही असते. तिथे मुरलेल्यांचंच काम, आणि त्यांच्यापुढे जायला त्यांच्याहून मुरलेलं कुणी लागतं.

बुडीची नावंही टपरीवर मीच लिहून घ्यायची. गिऱ्हाईक आलं की मी कोकम सरबत पुढे करायची आणि विचारायची, "शेवटची बुडी कधी मारली होती?" उत्तरातच माणूस कळायचा. एक सोलापूरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, मला सरळ आडावर पाठवा. मी पाठीला डबा न बांधता विहिरीत पोहायला शिकलोय." मी त्यांचं नाव ओसरीत लिहिलं. परत आले तेव्हा बोटीची कड सोडत नव्हते. म्हणाले, "ओसरीच बरी हो. आडावर माझ्या जावयाला पाठवा."

ओसरी आणि गल्ली वृंदा चार वर्षं सांभाळत होती. आता तिला आड हवा होता. पाणी नितळ असतं म्हणून आडावर जाणारी माणसं मार्गशीर्ष-पौषातच येतात. आमच्या किनाऱ्यावरून आजवर एकाही बाईने तिथे माणसं नेलेली नव्हती. सरांची सही झाली की वृंदा पहिली. ती बोलून दाखवायची नाही, पण त्या वर्षी तिने दिवाळीची साडीसुद्धा नको म्हणून पैसे आडाच्या प्रशिक्षणाला भरले होते.

आता माझं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वृंदा पहिल्यांदा समुद्राखाली गेली त्या दिवशी बोटीचं इंजिन बंद पडलं. अकराला यायची बोट दोन वाजले तरी दिसेना. मी सकाळपासून कामाच्या गडबडीत पाणीही प्यायले नव्हते. धक्क्यावर उभी होते. कुणी तांब्या पुढे केला, तर हातानेच नको म्हटलं. समुद्रावरून नजर काढवत नव्हती. आणि पावणेतीनला बोट दिसली. तेव्हा माझ्या मनाने घेतलं, की मी पाण्याला शिवले नाही म्हणून पोर परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे देवापुढे हात जोडून मी संकल्प सोडला. वृंदा समुद्रात जाईल त्या दिवशी उठल्यापासून ती धक्क्याला पाय लावीपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी मी धरतेच. त्यात आणखी एक. व्रत बोलून दाखवायचं नसतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. ओसरी-गल्लीच्या बोटी साडेदहा-अकराला परत यायच्या, त्यामुळे फार जडही जायचं नाही. आडाचं तसं नव्हतं. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यातच तिथे उतरता येतं, आणि त्या आठवड्यात ती वेळ भर दुपारनंतरची होती. बोट परतायला साडेपाच व्हायचे.

बुधवारी रात्री जेवताना वृंदाने भातावर आमटी घेतली आणि नुसती कालवत बसली.

"सर म्हणतात घाई करतेस," मी म्हटलं.

"हं."

"भीती वाटते का गं खाली?"

"खाली नाही वाटत."

"मग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. काही सांगेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "उद्या गुरुवार. तुझा कडक उपास."

"मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे असणारच."

"दुपारी काहीतरी घे. सरबत घे."

"माझं काय घेऊन बसलीस? तू तुझं बघ. उद्या तीन मिनिटं मोजून थांब म्हणजे झालं."

"तुझ्यासाठी पण तीन मिनिटंच असती तर थांबले असते गं," ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली. मला वाटलं, परीक्षेच्या काळजीने काहीतरी बोलते आहे.

ती निजल्यावर मी देवापाशी बसले. पोरीच्या वाटेत काहीतरी आडवं येत होतं, हे दिसत होतं. ती चुकत असेल हे मला पटत नव्हतं. मग माझंच काहीतरी कमी पडत असणार. बोट दिसेपर्यंत मी टपरीच्या सावलीत बसते, गिऱ्हाइकांशी बोलते, हसते. याला काय व्रत म्हणायचं? मी हातावर पाणी घेऊन संकल्प वाढवला. उद्या वृंदा बोटीत चढली की धक्क्याच्या टोकाला उन्हात बसायचं. जागचं हलायचं नाही. आणि नुसती ती परत येईपर्यंत नाही, तर सरांची सही होईपर्यंत पाणी नाही.

मला तेव्हा फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मुलीसाठी काहीतरी अवघड करते आहे, असं.

गुरुवारी पहाटे कलश मांडला, लक्ष्मीची पूजा केली, कहाणी वाचली. दुपारी एकला धक्क्यावर गेलो. वृंदाने सामान चढवलं, दोनदा मोजलं. इनास सर आधीच बोटीत बसले होते. बाबलभावजी, म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, सुकाणूवर. बोट त्यांचीच.

"वयनी, आज च्या नको, आशीर्वाद दिया," भावजी ओरडले. "चेडवाक पास करून हाडतंय की नाय बगा."

"ती तिची ती होईल," मी म्हटलं.

बोट सुटली आणि मी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. डोक्यावरून पदरही घेतला नाही. कशाला घ्यायचा, ऊनच सोसायचं होतं ना. बोट वळताना वृंदा मागे वळून बघत होती. बोट लहान होईपर्यंत तशीच बघत होती. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

डिसेंबरचं ऊन म्हणजे काय, असं घाटावरच्या माणसाला वाटेल. पण सिमेंटच्या धक्क्यावर, समोर चकाकतं पाणी, त्यात दोन तास बसून बघा. तीन वाजेपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली. शेजारच्या टपरीवरची रुक्मिणी दोनदा हाक मारून गेली. "काकी, भोवळ येईल, आत या." मी मान हलवून नको म्हटलं. तोंडाने नामस्मरण चाललं होतं आणि मनात एकच, सही होऊ दे, सही होऊ दे.

पावणेपाचला बोट दिसली.

मी आधी आनंदले. लवकर आली म्हणजे छान झालं असणार. मग पाहिलं, तर भावजी उभे राहून चालवत होते आणि बोट पाण्यावर आपटत येत होती. भावजी कधी अशी बोट हाणत नाहीत. मी उठले. धक्क्याच्या लोखंडी खुंटाला धरून उभी राहिले.

वृंदा बोटीच्या तळाला उताणी निजली होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. सर तिच्या डोक्याशी टाकी धरून बसले होते.

"शुद्धीत आहे," सरांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. "आजही दोरीवर थांबली नाही. श्वास ठीक आहे. उजवा खांदा दुखतोय आणि बोटांना मुंग्या आहेत. वेळेवर कळलंय. घाबरू नका. मी गाडी सांगतो, तुम्ही इथे बसा. हिला पाणी पाजा, घोट घोट. अंगात पाणी कमी असलं की हा त्रास वाढतो."

ते फोन घेऊन धक्क्यावर चढले. मी बोटीत उतरले. जन्मात पहिल्यांदा. पण तेव्हा ते लक्षातही आलं नाही. भावजींनी वृंदाची बाटली माझ्या हातात दिली. मी झाकण काढून तिच्या तोंडाशी नेली.

तिने डाव्या हाताने मुखवटा जरा बाजूला केला.

"आई, तू प्यालीस?"

"काय?"

"पाणी. प्यालीस का?"

"मी कशाला पिऊ आत्ता? तू पी. सर सांगून गेलेत."

"तू आधी."

"वृंदा, हट्ट करू नकोस."

तिने मुखवटा परत लावला आणि तोंड फिरवलं. मी भावजींकडे बघितलं. ते दोरी गुंडाळत होते. दोरी खाली टाकून म्हणाले, "वयनी, पिया ओ तुमी. तुमी पिल्याशिवाय ता पिवचा नाय. आजचा नाय ह्या. आडावर जावक लागल्यापासून तेची बाटली भरलेलीच परत येता. मी म्हटलंय, वयनीक सांगतंय. तर माका देवाची शपथ घातल्यान."

ती बाटली माझ्या हातात होती. गळ्यापर्यंत भरलेली.

सर परत आले होते आणि धक्क्यावर उभे राहून ऐकत होते. ते ओरडले नाहीत. उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "वृंदा, आज दोरीवरून वर काय बघत होतीस?"

"सर, उन्हात बसली होती ती. डोक्यावर पदरसुद्धा नव्हता. सकाळपासून पाणी नाही. मला माहीत आहे, मी आल्याशिवाय ती घेत नाही." मुखवट्यातून आवाज घोगरा येत होता. "खाली असेपर्यंत मी विसरते. वर यायला लागलं की आठवतं. मग ती तीन मिनिटं संपतच नाहीत. वाटतं, आत्ता निघालं तर बोट तेवढी लवकर सुटेल."

मी धक्क्यावर बसून देवाकडे मागत होते तेव्हा माझी मुलगी पाच मीटर पाण्यात दोरीला धरून माझ्या घशाचा विचार करत होती.

माझ्या डोळ्यांसमोर संकल्प आला. सही झालेली नव्हती. हातावर पाणी सोडून बोललेला शब्द होता, आणि त्या दिवशी गुरुवार होता. आयुष्यात मी एकही व्रत अर्ध्यावर टाकलेलं नाही. बाळंतपणातसुद्धा चतुर्थी धरली होती. मला खरंच काही क्षण लागले. ते क्षण लागले याची मला आजही लाज वाटते.

मग मी बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. वृंदाने माझ्या गळ्याकडे नीट बघून घेतलं, गिऱ्हाइकाचे पट्टे घट्ट आहेत का हे ती बघते तसं. मग हात पुढे केला आणि उरलेली अर्धी घोट घोट करून संपवली.

तालुक्याच्या दवाखान्यात रात्रभर तिला प्राणवायू दिला. सरांनी गोव्याच्या कुणा डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. दहाच्या सुमाराला मुंग्या गेल्या, पहाटे खांदाही हलका झाला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे, पण महिनाभर पाण्यात उतरायचं नाही. सर दाराशी उभे राहून स्वतःलाच दोष देत होते. "रोज बाटली बघायला पाहिजे होती. इतकी वर्षं शिकवतोय, बाटली नाही बघितली."

ते गेल्यावर मी खाटेशी बसले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं झाली."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? बोट लागली की तू मला हाक मारायच्या आधी माठाकडे जातेस आणि उभ्यानेच दोन तांबे पितेस. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"व्रत बोलून दाखवायचं नसतं, म्हणतेस ना तूच." ती हसायला गेली आणि खांदा धरून थांबली. "आणि बोलले असते तर तू काय केलं असतंस? सोडलं असतंस?"

मी खोटं बोलत नाही. तिचं पांघरूण नीट करत राहिले.

"नसतं सोडलंस," ती म्हणाली. "माझ्यापासून चोरून केलं असतंस. मग मला बघतापण आलं नसतं."

व्रत सोडायचं म्हणजे त्याचं उद्यापन करावं लागतं, नुसतं टाकून देता येत नाही. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मी ते केलं. कुमारिका म्हणून वृंदालाच पाटावर बसवलं. तिचे पाय धुवायला लागले, तर ती पाय मागे घेते.

"आई, काय गं हे! चार वर्षं समुद्रात धुतलेच आहेत मी."

"गप्प बस. आज तू माझी मुलगी नाहीस."

"मग कोण?"

"कुमारिका. जेवेपर्यंत. आणि कुमारिका इतक्या बडबडत नाहीत."

तिला कुंकू लावलं, ओटी भरली, पुरणपोळी वाढली. नमस्कार करून मनातल्या मनात म्हटलं, आई लक्ष्मी, हे मी तुझ्यासाठी धरलं नव्हतं. माझ्या भीतीसाठी धरलं होतं. तुझं नाव उगाच मध्ये घातलं. माफ कर. तिथेच तांब्याभर पाणी पुढे ठेवून आधी तिला दिलं, मग मी घेतलं.

पौष संपता संपता डॉक्टरांनी परवानगी दिली. तोवर गोव्याहून आलेल्या माणसाने मोसमातली बरीच गिऱ्हाइकं नेऊन आणली होती. इनास सर स्वतः घरी आले. मी चहा दिला, त्यांनी तो सगळा घेतला, आणि मग म्हणाले, "उद्या दुपारी आड. मी परत शिकाऊ."

सर गेल्यावर वृंदा माझ्यासमोर येऊन बसली. "माझी एक अट आहे. तू बोटीत यायचंस."

"मी? मला बोट लागेल गं. मला ओकारी होईल."

"होऊ दे. धक्क्यावर तू काय करतेस मला कळत नाही. तू आता पाणी पितेस हे मला पटतं. पण पाच मीटरवर असताना पटत नाही."

मी गेले. धक्क्यावरून बोटीत उतरताना रुक्मिणीने आणि भावजींनी मला दोन बाजूंनी धरलं, आणि भावजी म्हणाले, "वयनी, ह्या पोत्यासारखा बसा नको, जरा हलका बसा, बोट कलता." पाऊण तास मी डोळे मिटून बाक धरून बसले होते. बेटाला वळसा घातला, भावजींनी नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. मी डोळे उघडले. फळ्यावर आडाच्या पुढे मी खडूने किती वेळा "खोल" लिहिलं होतं! खोल म्हणजे हे, असं आता कळलं. निळा रंग खाली खाली काळा होत गेलेला. नांगराची दोरी त्यात शिरत होती आणि बरंच खाली गेल्यावर दिसेनाशी होत होती.

वृंदाने कठड्यावर बसून माझ्याकडे पाहिलं. मी बरोबर आणलेल्या फुलपात्रात पाणी भरून घेतलं आणि तिच्या देखत प्यायले. तिने तोंडात नळी घेतली, मागच्या मागे पाण्यात पडली. सर तिच्या मागोमाग.

पुढचा अर्धा तास काही घडलं नाही. भावजींनी तंबाखू मळला. मला दोनदा मळमळलं, ओकारी झाली नाही. पाण्यावर बुडबुडे यायचे, कधी बोटीच्या डाव्या अंगाला, कधी लांब खडकापाशी. भावजी बोट दाखवून सांगायचे, "आता तकडे असत." मी बघायची.

मग बुडबुडे दोरीकडे सरकत आले. दोरीला लागून, एकाच जागी, दोन झुबके वर येऊ लागले. आले आणि तिथेच राहिले.

पाणी थोडं हलायला लागलं होतं. भावजींनी आकाशाकडे बघितलं, ओढीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. ते उठून दोरीपाशी गेले आणि वाकून खाली बघू लागले.

"झाला मगे. इतको वेळ कित्याक? वोड सुरू झाली," ते म्हणाले. "येवक व्हयी होती एव्हाना. दोरी हलवून सांगतंय."

बुडबुडे तसेच येत होते, न हलता, सावकाश. मी भावजींचा हात धरला.

"नको भावजी," मी म्हटलं. "राहू दे. अजून थोडी राहू दे."